वर्दीवरचा बिल्ला आणि आतला हुकूम : तीव्र ल्युकेमियाचं निदान कसं होतं?

 

आपल्या मालिकेत आतापर्यंत मधुमेह, रक्तदाब, गुडघे असे आपल्या वयाला शोभणारे विषय झाले. आजचा विषय वयाकडे बघत नाही. चार वर्षांच्या मुलाला गाठतो, विशीतल्या जवानाला गाठतो आणि सत्तरीतल्या आजोबांनाही गाठतो. तीव्र ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कर्करोग.

विषय निवडायला एक निमित्त झालं. ओळखीच्या एका निवृत्त सुभेदारांनी नातवाच्या रिपोर्टचा फोटो पाठवला आणि विचारलं, "साहेब, यात दहा-बारा वेळा सीडी लिहिलंय. ही कसली सीडी? आणि पोराचा कॅन्सर शोधायला जनुकं कशाला तपासतात? आमच्या घराण्यात काही खोट आहे का?" प्रश्न अगदी रास्त होते. रिपोर्ट हातात पडतो तेव्हा घर हादरलेलं असतं, डॉक्टरांपाशी वेळ कमी असतो आणि वर सांगितलं जातं की अजून तीन तपासण्या करायच्या आहेत, त्यांचे पैसे वेगळे. तेव्हा बऱ्याच घरांत एक विचार येतो : कॅन्सर आहे हे कळलंच आहे, मग आणखी तपासण्या कशाला? सरळ औषध सुरू करा!

त्या तपासण्या का लागतात, हेच आज समजून घेऊ. मी डॉक्टर नाही. फौजेत आयुष्य गेलं, पदवी साधी आहे. पण शत्रूची ओळख पटल्याशिवाय गोळी चालवायची नाही, हा धडा पक्का आहे, आणि या आजारात तोच सगळ्यात जास्त कामाला येतो.

भरती केंद्रात नेमकं काय बिघडतं

आपल्या हाडांच्या आत मगज असतो, अस्थिमज्जा. त्याला रक्ताचं भरती आणि प्रशिक्षण केंद्र समजा. तिथे रोज अब्जावधी नव्या पेशी तयार होतात. तांबड्या पेशी प्राणवायू वाहतात, पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, प्लेटलेट रक्त थांबवतात. प्रत्येक पेशी आधी रंगरूट असते. टप्प्याटप्प्याने शिकते, तयार होते आणि पासिंग आउट झाल्यावरच रक्तात ड्युटीवर येते.

तीव्र ल्युकेमियात एखाद्या रंगरुटाच्या आतला हुकूम बिघडतो. तो वाढत राहतो, स्वतःसारखे आणखी रंगरूट तयार करतो, पण शिकून तयार मात्र कधीच होत नाही. अशा कच्च्या पेशींना ब्लास्ट म्हणतात. बराकी त्यांनीच भरतात. रेशन ते खातात, काम शून्य. खऱ्या पेशी तयार व्हायला जागाच उरत नाही. मग लक्षणं दिसू लागतात. तांबड्या पेशी घटल्या की थकवा आणि फिकेपणा येतो. कामाच्या पांढऱ्या पेशी घटल्या की ताप उतरत नाही. प्लेटलेट घटल्या की हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर निळे डाग उठतात. लहान मुलं हाडं दुखतात म्हणून चालायचंच सोडतात.

निरोगी मज्जेत ब्लास्टचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आत असतं. ते वीस टक्के किंवा त्याहून जास्त झालं, की सर्वसाधारणपणे तीव्र ल्युकेमियाचं निदान होतं. काही ठरावीक जनुकीय बदल सापडले, तर टक्केवारी कमी असूनही निदान पक्कं मानतात. आतला हुकूम बाहेरच्या मोजणीपेक्षा वरचढ ठरतो, हे ध्यानात ठेवा.

फक्त सूक्ष्मदर्शक होतं तेव्हा

१८४५ मध्ये एडिंबराचे जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिनचे रुडॉल्फ विर्शो यांनी स्वतंत्रपणे या आजाराचं वर्णन केलं. विर्शोने १८४७ मध्ये त्याला ल्युकेमिया हे नाव दिलं. ग्रीक शब्दांवरून, अर्थ पांढरं रक्त. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं डॉक्टरांच्या हातात सूक्ष्मदर्शक आणि काही रंग एवढंच होतं.

त्या काळातला पहिला मोठा उपचार एका भारतीयाच्या संशोधनातून आला, हे आपल्या मुलांना जरूर सांगा. आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडरली प्रयोगशाळेत काम करत. त्यांच्या चमूने फॉलिक आम्लाला अडवणारी औषधं बनवली. त्यातलं अमिनोप्टेरिन बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या १६ मुलांना दिलं आणि १९४८ मध्ये जाहीर केलं की १० मुलांमध्ये आजार मागे हटला. काही काळापुरताच, पण हटला. त्याच जातीचं मेथोट्रेक्सेट आजही मुलांच्या ल्युकेमियात वापरतात.

मग कोडं पडलं. तेच औषध, तोच डोस, तरी एक मूल बरं होतं आणि दुसरं का होत नाही? १९७६ मध्ये फ्रेंच, अमेरिकन आणि ब्रिटिश तज्ज्ञांनी एकत्र येऊन पेशींच्या दिसण्यावरून वर्गवारी केली. मोठे दोन गट पडले. लसिकापेशींचा तो एएलएल, मज्जापेशींचा तो एएमएल. त्याखाली एल१, एम३ अशी पोटनावं. वर्गवारी उपयोगी होती, पण एक अडचण उरलीच. मुंडण केलेले, एकाच बनियनमधले शंभर रंगरूट मैदानात उभे केले, तर कोण पायदळाचा आणि कोण तोफखान्याचा हे चेहऱ्यावरून कसं ओळखणार? ब्लास्टचं तसंच आहे. अगदी कच्च्या पेशी एकसारख्या दिसतात.

बिल्ला : पेशीच्या पृष्ठभागावरची चिन्हं

वर्दी घातली की प्रश्न सुटतो. खांद्यावर रेजिमेंटचं नाव असतं, टोपीवर बिल्ला असतो. पेशींच्या पृष्ठभागावरही अशीच प्रथिनं असतात. कोणत्या जातीच्या पेशीवर, प्रशिक्षणाच्या कोणत्या टप्प्यावर, कोणती प्रथिनं दिसतील हे बऱ्याच अंशी ठरलेलं असतं.

बिल्ला वाचायचं साधन मिळालं १९७५ मध्ये. जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी एकाच खुणेला चिकटणारी, हवी तितकी बनवता येणारी प्रतिपिंडं तयार करण्याची पद्धत शोधली. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पुढे जगभरच्या प्रयोगशाळा एकाच प्रथिनाला वेगवेगळी नावं देऊ लागल्या आणि गोंधळ माजला. म्हणून १९८२ मध्ये पॅरिसला परिषद भरली आणि क्रमांक ठरले. तोच हा सीडी क्रमांक. सुभेदारसाहेब, ही गाण्याची सीडी नव्हे, हा बिल्ल्याचा नंबर आहे! आज असे साडेतीनशेहून अधिक क्रमांक आहेत, पण ल्युकेमियाच्या रिपोर्टात त्यातले वीस-तीसच येतात.

तपासणीचं नाव फ्लो सायटोमेट्री. मज्जेच्या नमुन्यात रंगीत, चमकणारी प्रतिपिंडं मिसळतात. ज्या पेशीवर जो बिल्ला, त्यावर ते प्रतिपिंड जाऊन बसतं. मग पेशी एकामागून एक लेसरच्या झोतासमोरून जातात, सेकंदाला हजारोंच्या वेगाने. यंत्र प्रत्येकीची चमक आणि आकार नोंदवतं. दरवाजावरच्या संत्रीने प्रत्येकाचा बिल्ला बघून रजिस्टरात लिहावं, तसं. निकाल बहुधा एक-दोन दिवसांत मिळतो.

आता रिपोर्टातले नेहमीचे क्रमांक बघू.

सीडी१९, सीडी२२, सीडी७९ए हे बी जातीच्या लसिकापेशींचे बिल्ले आहेत. सोबत सीडी१० ठळक असेल, तर मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा बी-एएलएल मनात येतो.

सीडी३, सीडी७, सीडी५ टी जातीचे आहेत. यातलं सीडी३ कच्च्या पेशीत बहुधा पृष्ठभागावर नसून आत दडलेलं असतं, म्हणून पेशीला छिद्रं पाडून आत बघावं लागतं.

सीडी१३, सीडी३३, सीडी११७ आणि पेशीच्या आतलं एमपीओ हे मज्जापेशींचे, म्हणजे एएमएलकडे बोट दाखवणारे.

सीडी३४ आणि टीडीटी कच्चेपणाची खूण सांगतात. रंगरुटाच्या छातीवरची फीत म्हणा.

एक सावधगिरी. एका बिल्ल्यावरून निदान होत नाही. सीडी७ हा टी जातीचा बिल्ला कधी एएमएलच्या पेशीवर सापडतो, सीडी१३ कधी बी-एएलएलवर. घुसखोर दुसऱ्याची टोपी घालतो, त्यातलाच प्रकार. म्हणून तज्ज्ञ सगळे बिल्ले एकत्र वाचतात. थोड्या रुग्णांत दोन्ही जातींचे पक्के बिल्ले एकत्र मिळतात, त्याला मिश्र प्रकार म्हणतात. तेव्हा रिपोर्ट घरी इंटरनेटवर टाकून एकेका ओळीचा अर्थ लावू नका.

आणखी एक गैरसमज. रिपोर्टात एचएलए-डीआर लिहिलेलं असतं. ते वाचून नातेवाईक म्हणतात, "एचएलए झालं, आता भावाचं मॅच करायचं का?" हे एचएलए-डीआर फक्त ब्लास्टवरचं एक चिन्ह आहे. मज्जा प्रत्यारोपणासाठी भावा-बहिणीची जुळणी बघतात, ती तपासणी वेगळी. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. आपल्याकडे टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये पहिलं मज्जा प्रत्यारोपण केलं, तेही एएमएल झालेल्या एका लहान मुलीवर.

आपल्या देशातली आघाडी

बिल्ले ओळखण्याला आपल्याकडे वेगळं महत्त्व आहे. १९८४ मध्ये मुंबईचं टाटा, चेन्नईचं कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीचं एम्स यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेबरोबर एएलएलसाठी एक समान उपचारपद्धत सुरू केली, एमसीपी-८४१. आपल्या रुग्णालयांना झेपेल अशी ती बेतलेली होती आणि तिने आधीच्या तुलनेत कितीतरी अधिक मुलं वाचवली. त्या अभ्यासांत एक गोष्ट दिसली. पाश्चात्त्य आकड्यांच्या तुलनेत इथल्या मुलांमध्ये टी जातीच्या एएलएलचं प्रमाण जास्त होतं. म्हणजे परदेशी पुस्तक जसंच्या तसं चालणार नव्हतं. आपला शत्रू आपणच मोजायला हवा होता.

तेच पुढे नेत कोलकाता, मुंबई, दिल्ली, चंडीगड आणि चेन्नई इथल्या मोठ्या केंद्रांनी मिळून मुलांच्या एएलएलसाठी २०१६ पासून देशव्यापी चाचणी घेतली. त्यात प्रत्येक मुलाचा धोका आधी जनुकीय तपासण्यांनी आणि नंतर उपचाराला मिळणाऱ्या प्रतिसादाने ठरवला. कमी धोका असेल तर सौम्य औषध, जास्त असेल तर कडक. हे फार मोलाचं आहे, कारण आपल्याकडे मुलं फक्त कॅन्सरने दगावत नाहीत, कडक औषधानंतरच्या जंतुसंसर्गानेही दगावतात. ज्याला सौम्य औषध पुरेल त्याला कडक देणं हीसुद्धा चूकच.

आतला हुकूम : गुणसूत्रं आणि जनुकं

बिल्ल्यावरून शत्रूची रेजिमेंट कळली. पण त्याला हुकूम काय मिळालाय, तो कुठवर जाणार, हे बिल्ला सांगत नाही. त्यासाठी आतला कागद उघडावा लागतो.

पेशीच्या केंद्रात ४६ गुणसूत्रं असतात. हा नेमका आकडाही १९५६ मध्येच पक्का झाला. १९६० मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना एका ल्युकेमियात एक गुणसूत्र आखूड दिसलं. त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणू लागले. ते आखूड का, हे शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे बदलले होते. दोन वेगवेगळ्या हुकुमांचे कागद फाडून एकमेकांना चिकटवले, तर जो भलताच तिसरा हुकूम तयार होईल, तसा हा जोड. बीसीआर-एबीएल हे त्याचं नाव. त्याचा अर्थ एकच : वाढत राहा, थांबू नका.

हा जोड आधी जुनाट ल्युकेमियात सापडला, पण एएलएल झालेल्या प्रौढांपैकी सुमारे पाव रुग्णांतही असतो. मुलांत मात्र तीन ते पाच टक्केच. पूर्वी हा सापडला की डॉक्टरांचा चेहरा उतरायचा. आता त्याच जोडावर नेमका बसणारा इमॅटिनिब आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांच्या गोळ्या आहेत. इमॅटिनिबच्या पेटंटवर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी निकाल दिला आणि कंपनीचा दावा फेटाळला, त्यामुळे भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी मिळत राहिली. पण गोळी कितीही स्वस्त असली, तरी जोड आहे की नाही हे तपासलंच नाही, तर ती द्यायची कोणाला?

तपासण्या चार प्रकारच्या आहेत. कॅरियोटाइप म्हणजे गुणसूत्रांचा पूर्ण फोटो. त्यासाठी पेशी जिवंत ठेवून वाढवाव्या लागतात, म्हणून आठवडा-दोन आठवडे लागतात. फिश म्हणजे ठरावीक जागी चमकणारी खूण लावून जोड शोधणं, हे काही दिवसांत होतं. पीसीआर हा शब्द कोविडने सगळ्यांना शिकवला. तो एकेक जोड फार बारकाईने शोधतो. चौथी नवी तपासणी एनजीएस. त्यात अनेक जनुकं एकदम वाचली जातात.

एकीची जागा दुसरी घेऊ शकत नाही, हे उदाहरणाने सांगतो. मुलांच्या बी-एएलएलमध्ये १२ आणि २१ या गुणसूत्रांची अदलाबदल आढळते आणि ती चांगली खूण मानतात. पण बदललेले तुकडे इतके सारखे दिसतात की कॅरियोटाइपच्या फोटोत ती लपून जाते, फिश किंवा पीसीआरमध्येच सापडते. उलट गुणसूत्रांची एकूण संख्या फोटोत सरळ दिसते. ती पन्नासच्या वर गेली असेल तर मुलांमध्ये बरं होण्याची शक्यता चांगली, ४४ पेक्षा कमी झाली असेल तर धोका जास्त. तान्ह्या बाळांत केएमटी२ए या जनुकाची मोडतोड वारंवार सापडते. तो कठीण प्रकार आहे.

एएमएलमध्ये ८ आणि २१ ची अदलाबदल किंवा १६ व्या गुणसूत्रातला उलटा तुकडा असेल, तर रसायनोपचाराला प्रतिसाद चांगला मिळतो. टीपी५३ बिघडलेलं असेल तर लढाई अवघड, प्रत्यारोपणाचा विचार लवकर करावा लागतो. एफएलटी३ बिघडलेलं असेल तर त्यावर वेगळ्या गोळ्या निघाल्या आहेत. त्याच वॉर्डात, शेजारशेजारच्या खाटांवर, सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखाच दिसणारा आजार असलेले दोन रुग्ण असतात आणि दोघांच्या लढाईचा नकाशा वेगळा असतो.

सोमलाची गोष्ट

या सगळ्या तपासण्यांचं मोल एका प्रकारात डोळ्यांना दिसतं, म्हणून तिथे जरा थांबतो. एएमएलचा तो जुना एम३ प्रकार, एपीएल. यात रक्त गोठण्याची व्यवस्थाच कोसळते. मेंदूत किंवा फुप्फुसात रक्तस्राव होऊन रुग्ण पहिल्या काही दिवसांतच जाऊ शकतो. एकेकाळी हा सगळ्यात भयंकर प्रकार होता.

१५ आणि १७ या गुणसूत्रांची अदलाबदल हे त्याचं मूळ, हेही राउली यांनीच १९७७ मध्ये दाखवलं. त्यातून तयार होणारं जोडप्रथिन रंगरुटाला पासिंग आउट होऊच देत नाही. १९८५ मध्ये शांघायच्या वांग झेनयी यांनी एका पाच वर्षांच्या मुलीला ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनवलेलं औषध दिलं, आट्रा. मुलगी बरी झाली. हे औषध ब्लास्टला मारत नाही, त्याला मोठं करतं! अडलेला रंगरूट शिकून तयार होतो आणि आपलं आयुष्य संपवून रीतसर निवृत्त होतो. चीनमधल्याच हार्बिन शहरातून दुसरं औषध आलं, आर्सेनिक. आपण ज्याला सोमल म्हणतो तेच विष, शुद्ध करून, मोजून, शिरेतून दिलेलं. तेही त्या जोडप्रथिनाचाच नायनाट करतं.

इथे भारताचा वाटा मोठा आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. विक्रम मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून नव्या रुग्णांना मुख्यतः आर्सेनिकवर ठेवलं, कारण आपल्या रुग्णांना महागडा रसायनोपचार झेपत नव्हता. २००६ मध्ये त्यांनी ७२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. सुमारे ८६ टक्के रुग्णांत आजार पूर्ण मागे हटला होता. आज आट्रा आणि आर्सेनिक ही जोडी जगभर वापरतात. सगळ्यात घातक प्रकार सगळ्यात जास्त बरे होणाऱ्या प्रकारांत जाऊन बसला.

अट एकच, वेळेत ओळखणं. फ्लो सायटोमेट्रीत यातले ब्लास्ट बहुधा सीडी३४ आणि एचएलए-डीआर हे दोन्ही बिल्ले न लावता येतात. तो इशारा असतो. पक्कं शिक्कामोर्तब फिश किंवा पीसीआर करतं. पण नुसता संशय आला तरी अनुभवी डॉक्टर जनुकीय रिपोर्टची वाट न बघता आट्रा सुरू करतात आणि प्लेटलेट चढवतात. अंगावर अचानक डाग, हिरड्यांतून रक्त आणि रक्ततपासणीत विचित्र पेशी, असं असेल तर "सोमवारी दाखवू" म्हणू नका. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जा.

"आमच्या घराण्यात खोट आहे का?"

नाही. हे ठळक अक्षरांत लिहून ठेवा. जनुकीय तपासणी म्हटलं की लोकांना वाटतं, आजार आईकडून आला की बापाकडून. मग सासर-माहेरात दोषारोप, बहिणीच्या लग्नाची काळजी. हे बदल त्या एका मज्जापेशीत जन्मभराच्या वाटचालीत कधीतरी घडलेले असतात. शरीराच्या बाकी पेशी धडधाकट असतात. रुग्णाकडून मुलांकडे ते जात नाहीत.

काही बदल तर आईच्या पोटातच घडतात. १२ आणि २१ ची ती अदलाबदल काही नवजात बाळांच्या रक्तात सापडली आहे आणि त्यांतल्या बहुतेकांना ल्युकेमिया कधीच होत नाही. एका बिघाडावर दुसरा बिघाड बसावा लागतो. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत धोका जास्त असतो आणि मोजक्या कुटुंबांत आनुवंशिक प्रकारही असतात. तसा संशय असेल तर डॉक्टर स्वतःहून सांगतात. पण ते अपवाद. भाऊ दाता म्हणून पुढे आला असेल तर त्याला घाबरवू नका.

लढाई संपली की उरलेले शत्रू

निदानाच्या वेळी शरीरात साधारण एक लाख कोटी ल्युकेमिया पेशी असू शकतात. महिनाभर औषध दिल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली सगळं स्वच्छ दिसतं, ब्लास्ट पाच टक्क्यांच्या आत. घरात पेढे वाटले जातात. पण त्या स्वच्छ मज्जेतही हजार कोटी पेशी लपलेल्या असू शकतात. मैदान मोकळं दिसतं म्हणून शत्रू गेला असं कोणताही सैनिक मानत नाही. झाडाझुडपांत शोध घ्यावाच लागतो.

तो शोध म्हणजे एमआरडी तपासणी, उरलेल्या आजाराचं मोजमाप. पहिल्या दिवशी नोंदवलेले बिल्ले आणि जनुकीय जोड इथे कामाला येतात. फ्लो सायटोमेट्री दहा हजारांत एक ल्युकेमिया पेशी शोधू शकते. खारघरच्या टाटा केंद्रात डॉ. प्रशांत टेंभरे, डॉ. पी. जी. सुब्रमण्यन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआरडीवर दर्जेदार काम केलं आहे. पहिल्या दिवशी हुलिया नोंदवलेलाच नसेल, तर महिन्याभराने फरार कोणाला शोधणार?

बिल्लाच निशाणा

आता सगळ्यात नवी गोष्ट. सीडी१९ हा बी पेशीचा बिल्ला. तो ओळखण्यापुरता न वापरता त्यावरच नेम धरला तर? कार-टी उपचारात रुग्णाच्या स्वतःच्या टी पेशी काढतात, त्यांना प्रयोगशाळेत सीडी१९ ओळखायला शिकवतात आणि परत शरीरात सोडतात. २०१२ मध्ये फिलाडेल्फियातच एमिली व्हाइटहेड या मुलीवर तो झाला आणि जगाने दखल घेतली.

भारतात ४ जून २०२१ रोजी खारघरच्या टाटा केंद्रात असा पहिला उपचार झाला. पेशी बनवल्या होत्या आयआयटी मुंबईत, डॉ. राहुल पुरवार यांच्या चमूने. ऑक्टोबर २०२३ मध्ये या देशी उपचाराला परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत त्याचं लोकार्पण केलं. परदेशी उपचाराच्या साधारण दहाव्या हिश्शात तो होतो. तरीही लाखांतच जातो आणि पहिल्या दिवसाचा उपचार नव्हे. आजार उलटला किंवा हटलाच नाही, तर त्याचा विचार होतो.

शत्रूही हुशार असतो. काही रुग्णांत ल्युकेमिया परत येतो तो सीडी१९ चा बिल्ला उतरवून. म्हणून परत आलेल्या आजाराचे सगळे बिल्ले पुन्हा तपासावे लागतात. जुन्या रिपोर्टवर नवी लढाई लढता येत नाही.

घरच्यांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी

एक. रक्ताच्या आजाराचा संशय असताना मज्जेची तपासणी होण्याआधी स्टेरॉइड सुरू होऊ देऊ नका. हाडदुखी आणि तापासाठी गावात ते सर्रास दिलं जातं. त्याने ब्लास्ट तात्पुरते विरघळतात, मुलाला बरं वाटतं आणि निदान हुकतं. आधी दिलं गेलं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

दोन. मज्जा काढताना सगळ्या तपासण्यांचे नमुने एकदमच घ्यायला सांगा, म्हणजे कमरेच्या हाडात पुन्हा सुई घालावी लागत नाही. जांभळ्या टोपणाची बाटली बहुधा फ्लो आणि पीसीआरसाठी, हिरव्या टोपणाची कॅरियोटाइपसाठी. नमुना दुसऱ्या शहरात जाणार असेल तर तो कधी पोचणार हे विचारा. जिवंत पेशी एक-दोन दिवसांत पोचायला हव्यात. आमच्या राजस्थानच्या मे महिन्यात पार्सल गाडीच्या टपावर तापू देऊ नका, आणि बर्फात गोठवूही नका.

तीन. डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. जात कोणती, बी, टी की मज्जापेशींची? एपीएल नाही ना? फिलाडेल्फिया जोड तपासला का? एमआरडी कधी होणार?

चार. खर्चाचं त्याच दिवशी रुग्णालयातल्या समाजसेवकांशी बोला. आम्हा निवृत्तांसाठी ईसीएचएस आहे, आयुष्मान भारत आहे, महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले योजना आहे. कोणती तपासणी योजनेत बसते हे लेखी विचारून घ्या. इथे जयपुरात सवाई मानसिंह रुग्णालय आहे, भगवान महावीर कर्करोग रुग्णालय आहे. प्रत्येकाला मुंबईची गाडी पकडायलाच हवी असं नाही. पण जिथे जाल तिथे या तपासण्यांची सोय आहे का, किंवा नमुने कुठे पाठवतात, हे विचारा.

पाच. सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये, तारखेप्रमाणे लावा. पहिल्या दिवसाचा फ्लो रिपोर्ट सोन्यासारखा जपा, पुढची प्रत्येक तपासणी त्याच्याशी ताडून बघतात.

मंडळी, मुलांच्या एएलएलमध्ये आज चांगल्या केंद्रांत बहुसंख्य मुलं बरी होतात. शाळेत जातात, परीक्षा देतात, भांडतात. मोठ्यांत लढाई अजून कठीण आहे, पण तिथेही आता एकाच आजाराची अनेक रूपं वेगवेगळी ओळखता येतात. पहिल्या दिवसाच्या त्या तीन जादा तपासण्यांवर पुढची दोन-तीन वर्षं अवलंबून असतात. पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवा.

पुढच्या भागात रक्तदान आणि प्लेटलेटदान, कोण करू शकतं आणि किती दिवसांनी, यावर बोलू. ल्युकेमियाच्या प्रत्येक रुग्णाला त्याची गरज पडते आणि त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. तोवर काळजी घ्या. जय हिंद, जय महाराष्ट्र.